आरएनएतली बिगर-वॉटसन-क्रिक जोडी कशी ओळखायची: एका टीआरएनएवर सराव

आरएनएची दुय्यम रचना काढून देणारा कुठलाही प्रोग्रॅम उघडा. ए-यू, जी-सी आणि फार तर जी-यू अशा जोड्यांच्या शिड्या दिसतात आणि मधेमधे फुगे दिसतात: हेअरपिन लूप, अंतर्गत लूप. चित्र पाहून वाटतं, फुग्यातले बेस मोकळेच लोंबकळत असणार. त्रिमितीय रचना हाती आली की बहुतेक वेळा उलटंच निघतं. फुग्यातले बेसही एकमेकांवर नीट रचलेले असतात आणि समोरच्या बेसशी हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात. फक्त ती बांधणी १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेल्या नमुन्यातली नसते, म्हणून प्रोग्रॅम ती मोजत नाही.

अशा जोड्यांना 'मिसमॅच' म्हणून बाजूला टाकायची सवय आपल्याला अभ्यासक्रमातून लागते. माझ्या मते ही सवय आधी मोडायला हवी. जोडी ठरते ती बेसच्या कुठल्या कडा समोरासमोर आल्या त्यावरून. ए-जीसारख्या अक्षरांवरून ती ठरत नाही. ए आणि जी यांच्यात निदान दोन पूर्ण वेगळ्या जोड्या सर्रास आढळतात, आणि त्यांचा हेलिक्सवर होणारा परिणामही वेगळा असतो. नुसतं 'ए-जी मिसमॅच' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

हा लेख एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्या आणि पहिल्यांदाच एखादी न्यूक्लिक आम्लाची रचना स्वतः तपासणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इंटरनेट, ब्राउझर, कागद आणि पेन्सिल एवढं पुरे. सरावाला आपण यीस्टचा फेनिलअ‍ॅलनिन टीआरएनए घेणार आहोत, प्रोटीन डेटा बँकेतला क्रमांक १ईएचझेड. ७६ न्यूक्लिओटाइडचा हा रेणू २००० साली १.९३ अँगस्ट्रॉम रेझोल्यूशनला सोडवला गेला. एवढ्या लहान जागेत इतक्या तऱ्हेच्या जोड्या सापडतात की शिकायला याहून बरा रेणू मला माहीत नाही.

लिहिण्याची एक पद्धत आधी ठरवून घेऊ. बेसचा साखळीतला क्रमांक आडव्या रेघेने लिहिला आहे: जी-४ म्हणजे चौथ्या जागेवरचा ग्वानिन. अणू रेघेशिवाय लिहिले आहेत: एन१ म्हणजे बेसच्या वलयातला पहिल्या क्रमांकाचा नायट्रोजन, ओ६ म्हणजे सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन. शर्करेच्या अणूंना 'प्राइम' लागतं, उदाहरणार्थ सी१-प्राइम.

पायरी १: तीन कडा पाठ करा

लिओन्टिस आणि वेस्टहॉफ यांनी २००१ साली मांडलेलं वर्गीकरण आज सगळीकडे वापरलं जातं. त्याचा पाया सोपा आहे. प्रत्येक बेस चपटा असतो आणि हायड्रोजन बंध करायला त्याला तीन कडा असतात: वॉटसन-क्रिक कड, हूगस्टीन कड आणि शर्करा कड. कोणत्या कडेवर कोणते अणू येतात ते पाठच करावं लागतं. इलाज नाही, पण एकदा केलं की जन्मभर पुरतं.

अ‍ॅडेनिनच्या वॉटसन-क्रिक कडेवर एन६ आणि एन१, हूगस्टीन कडेवर एन७ आणि तोच एन६, शर्करा कडेवर एन३ आणि सी२.

ग्वानिनच्या वॉटसन-क्रिक कडेवर ओ६, एन१ आणि एन२. हूगस्टीन कडेवर एन७ आणि ओ६. शर्करा कडेवर एन२ आणि एन३.

युरॅसिलच्या वॉटसन-क्रिक कडेवर ओ४, एन३ आणि ओ२. सायटोसिनच्या त्याच कडेवर एन४, एन३ आणि ओ२. पिरिमिडीनमध्ये एन७ नसतोच, त्यामुळे हूगस्टीन कडेच्या जागी सी५ चा हायड्रोजन येतो, सोबत युरॅसिलमध्ये ओ४ आणि सायटोसिनमध्ये एन४. शर्करा कडेवर ओ२. आरएनएत या कडेला आणखी एक भिडू मिळतो, शर्करेचा दोन-प्राइम हायड्रॉक्सिल गट. डीएनएकडे तो नाही. आरएनएत जोड्यांचं वैविध्य इतकं का, याचं मोठं कारण हेच.

लक्षात आलं असेल की कोपऱ्यातले अणू दोन कडांना सामाईक आहेत. अ‍ॅडेनिनचा एन६ वॉटसन-क्रिक कडेवरही आहे आणि हूगस्टीन कडेवरही. म्हणून नुसता एक बंध पाहून कड ठरवू नका, दुसरा बंध कुठला आहे ते पाहा. एन६ सोबत एन१ गुंतला असेल तर वॉटसन-क्रिक कड, एन७ गुंतला असेल तर हूगस्टीन. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

तीन कडांच्या सहा जोड्या होतात आणि प्रत्येकीचे सिस व ट्रान्स असे दोन प्रकार, म्हणून एकूण १२ कुटुंबं. नेहमीच्या जी-सी आणि ए-यू जोड्या या बारांपैकी एकाच कुटुंबात बसतात: सिस, वॉटसन-क्रिक विरुद्ध वॉटसन-क्रिक.

पायरी २: रचना उघडा, पण आधी तिची पात्रता पाहा

प्रोटीन डेटा बँकेच्या आरसीएसबी संकेतस्थळावर १ईएचझेड शोधा. रचना बघण्याआधी रेझोल्यूशन पाहा. २ अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर बेसची दिशा आणि बंधांची अंतरं यांवर भरवसा ठेवता येतो. ३ च्या पलीकडे गेलात की बेस कुठे आहे एवढं कळतं, पण तो कुठल्या बाजूने वळला आहे हे पुष्कळदा रचना बसवणाऱ्याच्या अंदाजावर असतं. ३.५ अँगस्ट्रॉमच्या रचनेतली एखादी अनोखी जोडी पाहून लगेच निष्कर्ष काढू नका.

दुसरी गोष्ट 'एक्सपेरिमेंट' टॅबमधली. स्फटिक कुठल्या पीएचला वाढवले ते तिथे बहुधा दिलेलं असतं. हा आकडा वहीत उतरवून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी बाब बदललेल्या बेसची. या टीआरएनएत १४ न्यूक्लिओटाइड रासायनिक बदल झालेले आहेत. फाइलमध्ये त्यांची नावं वेगळी असतात: ५४ व्या जागेवरचा रायबोथायमिडीन '५एमयू' म्हणून, ५८ व्या जागेवरचा मिथिल-अ‍ॅडेनोसिन '१एमए' म्हणून. काही साधने अशा नावांना परका रेणू समजून गाळून टाकतात आणि मग तुमच्या यादीतून नेमक्या त्या जोड्या गायब होतात. यादीतले बेस मोजून ७६ भरतात का, एवढं आधी पाहून घ्या.

पायरी ३: तीन मापं

'स्ट्रक्चर' टॅबवर मोल-स्टार नावाचा दर्शक उघडतो. एखाद्या बेसवर क्लिक केलं की आजूबाजूचे अणू आणि तुटक रेघांनी दाखवलेले संभाव्य बंध दिसतात. या तुटक रेघा प्रोग्रॅमचा अंदाज आहेत. क्ष-किरण रचनेत या रेझोल्यूशनला हायड्रोजन दिसत नाहीत. बंध आहे हे आपण जड अणूंमधल्या अंतरावरून आणि दिशेवरून ठरवतो. म्हणून स्वतः मोजा. बाणाच्या चिन्हावर क्लिक करून निवड चालू करा, निवडीची पातळी 'अ‍ॅटम'वर आणा, अणू क्रमाने निवडा आणि 'मेझरमेंट्स'मध्ये जाऊन अंतर, कोन किंवा डायहेड्रल कोन घ्या. पायमॉल किंवा कायमेरा-एक्सची सवय असेल तर तेही चालेल.

पहिलं माप, बंधाचं अंतर. नायट्रोजन-ऑक्सिजन किंवा नायट्रोजन-नायट्रोजन अंतर साधारण २.७ ते ३.२ अँगस्ट्रॉम असेल तर उत्तम, ३.५ पर्यंत सांभाळून घेता येतं. आणि एकीकडे दाता (हायड्रोजन देणारा अणू), दुसरीकडे ग्राहक (तो स्वीकारणारा अणू) आहे ना, हेही बघायचं. दोन ग्राहक ३ अँगस्ट्रॉमवर शेजारी बसलेले दिसले तर काहीतरी वेगळं घडलं आहे, ते पुढे येईलच.

दुसरं माप, दोन्ही बेसच्या सी१-प्राइम अणूंमधलं अंतर. वॉटसन-क्रिक जोडीत ते १०.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं, मग जोडी जी-सी असो वा ए-यू. हेलिक्स एकसारखा दिसतो तो यामुळेच. डीएनएतल्या हूगस्टीन जोडीत हे अंतर सुमारे दोन अँगस्ट्रॉमने कमी होतं आणि पाठीचे कणे आत ओढले जातात. दोन प्युरीन वॉटसन-क्रिक कडांनी समोरासमोर आले तर ते १२.५ च्या घरात जातं, हेलिक्स फुगतो. हे एक माप घेतलं तरी निम्मी ओळख पटते.

तिसरं माप, बेस आणि शर्करा जोडणाऱ्या बंधाभोवतीचा कोन. त्याचं नाव 'काय', ग्रीक अक्षर χ. प्युरीनसाठी ओ४-प्राइम, सी१-प्राइम, एन९, सी४ हे चार अणू याच क्रमाने निवडा. पिरिमिडीनसाठी ओ४-प्राइम, सी१-प्राइम, एन१, सी२. आरएनए हेलिक्समध्ये हा कोन उणे १६० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बेस 'अँटी' आहे. अधिक ६० च्या आसपास मिळाला तर बेस 'सिन', शर्करेवर पालथा पडलेला. सिन प्युरीन दिसला की तिथे थांबून नीट बघायचं.

पायरी ४: पहिली जोडी, जी-४ आणि यू-६९

टीआरएनएच्या ग्राहक देठात, म्हणजे ज्याच्या टोकाला अमिनो आम्ल चढतं त्या देठात, चौथ्या जागेवर जी आणि समोर ६९ व्या जागेवर यू आहे. ही वॉबल जोडी. १९६६ साली फ्रान्सिस क्रिक यांनी कोडॉनच्या तिसऱ्या जागेसाठी जिचा तर्क मांडला होता, तीच ही भूमिती.

आधी कागदावर दोन्ही बेस काढा आणि जी-सीसारखे समोरासमोर ठेवून पाहा. ग्वानिनच्या एन१ वर हायड्रोजन आहे आणि युरॅसिलच्या एन३ वरही. दोघेही दाते, समोरासमोर आले तर एकमेकांना ढकलणार. तोडगा असा की युरॅसिल मोठ्या खाचेच्या बाजूला थोडा सरकतो. आता युरॅसिलचा एन३ ग्वानिनच्या ओ६ समोर येतो आणि युरॅसिलचा ओ२ ग्वानिनच्या एन१ समोर. दोन बंध जमले. दोन्ही बाजूंनी वॉटसन-क्रिक कडच वापरली गेली, म्हणून कुटुंब तेच, सिस वॉटसन-क्रिक विरुद्ध वॉटसन-क्रिक; पण जोडी सरकलेली.

आता मोल-स्टारमध्ये हीच दोन अंतरं मोजा. मग सी१-प्राइम ते सी१-प्राइम अंतर घ्या. ते वॉटसन-क्रिकपेक्षा फारसं वेगळं येत नाही, आणि इथेच फसगत होते. सरकणं दिसतं ते कोनात. यू-६९ चा एन१, त्याचा सी१-प्राइम आणि जी-४ चा सी१-प्राइम हा कोन घ्या. मग तसाच कोन जी-४ च्या एन९ कडून घ्या. वॉटसन-क्रिक जोडीत दोन्ही कोन जवळजवळ सारखे, ५५ अंशांच्या आसपास असतात. वॉबलमध्ये यूकडचा कोन ६५ च्या वर चढतो आणि जीकडचा ४५ च्या खाली उतरतो. ही विषमता वॉबलची खूण आहे, ती एकदा स्वतः मोजून पाहाच.

ग्वानिनचा एन२ मात्र रिकामा राहिला, लहान खाचेत उघडा. तो वाया जात नाही. अ‍ॅलनिनच्या टीआरएनएत तिसऱ्या आणि सत्तराव्या जागेवर अशीच जी-यू जोडी असते, आणि १९८८ साली हौ आणि शिमेल यांनी दाखवलं की अ‍ॅलनिन चढवणारा एन्झाइम आपला टीआरएनए प्रामुख्याने याच एका जोडीवरून ओळखतो. प्रथिनातलं अमिनो आम्ल बरोबर की चूक हे एका सरकलेल्या जोडीवर ठरतं. या जोडीला 'मिसमॅच' म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

पायरी ५: सिस की ट्रान्स

जोडीचा पृष्ठभाग तुमच्याकडे करा आणि हायड्रोजन बंध आडवे येतील असं फिरवा. बंधांच्या मधून त्यांना समांतर एक आडवी रेघ कल्पा. दोन्ही सी१-प्राइम त्या रेघेच्या एकाच बाजूला असतील तर सिस. एक वर आणि एक खाली असेल तर ट्रान्स.

ट्रान्सचं उदाहरण याच रेणूत आहे: जी-१५ आणि सी-४८. १९६९ साली, म्हणजे टीआरएनएची रचना स्फटिकातून दिसण्याच्या आधी, मायकेल लेव्हिट यांनी वेगवेगळ्या टीआरएनएंचे क्रम शेजारी ठेवले आणि १५ व ४८ या जागा एकमेकींसोबत बदलतात हे ताडून ही जोडी भाकीत केली होती. तिला आजही लेव्हिट जोडी म्हणतात. अक्षरं जी आणि सीच, कडा दोन्हीकडे वॉटसन-क्रिकच, पण एक बेस उलटा बसला आहे. त्यामुळे बंध तीन न राहता दोन होतात: जीचा एन१ सीच्या ओ२ शी, आणि जीचा एन२ सीच्या एन३ शी. ओ६ आणि एन४ या जोडीत वापरलेच जात नाहीत. अक्षरं पाहून 'जी-सी, म्हणजे नेहमीची' असं लिहून पुढे गेलात तर ही जोडी निसटली.

पडताळ्याला एक नियम. दोन्ही बेस अँटी असून वॉटसन-क्रिक कडांनी सिस जुळले तर दोन्ही साखळ्या विरुद्ध दिशांना धावतात. ट्रान्स जुळले तर एकाच दिशेने. पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे बोट फिरवत जाऊन पाहा. तुमचं उत्तर आणि साखळ्यांची दिशा जुळत नसेल तर एक तर सिस-ट्रान्स चुकलं आहे, नाहीतर एक बेस सिन आहे.

पायरी ६: हूगस्टीन कड आणि ए-जीची दोन रूपं

कार्स्ट हूगस्टीन यांनी १९५९ साली मिथिल लावलेल्या थायमिन आणि अ‍ॅडेनिनचे एकत्र स्फटिक तपासले, तेव्हा वॉटसन-क्रिक जोडी मिळेल अशी अपेक्षा होती. थायमिन अ‍ॅडेनिनच्या एन७ कडे जाऊन बसलेला निघाला. त्या कडेला त्यांचंच नाव मिळालं.

आपल्या रेणूत टी-५४ आणि ए-५८ पाहा. ५८ व्या अ‍ॅडेनिनच्या एन१ वर मिथिल गट आहे, म्हणजे त्याची वॉटसन-क्रिक कड बंदच. तो टी-५४ ला हूगस्टीन कड देतो: ए-५८ चा एन७ टीच्या एन३ शी आणि ए-५८ चा एन६ टीच्या ओ२ शी. टीचा ओ२ वापरला गेला, म्हणून ही ट्रान्स, जिला उलटी हूगस्टीन म्हणतात. ओ४ वापरला असता तर सिस, म्हणजे साधी हूगस्टीन. ए आणि यू किंवा टी यांच्यात अशी जोडी दिसली की फक्त विचारा: ऑक्सिजन दुसऱ्या क्रमांकाचा की चौथ्या? सिस-ट्रान्सचा निकाल तिथेच लागतो.

आता ए-जी. जी-२६ आणि ए-४४ हे दोन देठांच्या सांध्यावर येतात. ग्वानिनचा ओ६ अ‍ॅडेनिनच्या एन६ शी आणि ग्वानिनचा एन१ अ‍ॅडेनिनच्या एन१ शी जोडला जातो. सिस, दोन्हीकडे वॉटसन-क्रिक कडा. हिला इमिनो जोडी म्हणतात. दोन प्युरीन समोरासमोर, म्हणून सी१-प्राइम अंतर लांबतं. ग्वानिनच्या एन२ वर इथे दोन मिथिल गट आहेत, आणि बेस एका पातळीत न राहता पंख्याच्या पात्यांसारखे एकमेकांना तिरके झालेले आहेत. वरून पाहून हे कळत नाही, जोडी कडेने बघायला लागते.

दुसरं रूप म्हणजे 'शिअर्ड' जोडी. ही जीएनआरए प्रकारच्या (एन म्हणजे कुठलाही बेस, आर म्हणजे ए किंवा जी) चार बेसच्या लूपमध्ये पहिल्या जी आणि शेवटच्या एमध्ये, तसंच किंक-टर्न नावाच्या वळणात जोडीजोडीने सापडते. इथे ग्वानिनची शर्करा कड आणि अ‍ॅडेनिनची हूगस्टीन कड ट्रान्स जुळतात: ग्वानिनचा एन२ अ‍ॅडेनिनच्या एन७ शी, आणि अ‍ॅडेनिनचा एन६ ग्वानिनच्या एन३ शी. सी१-प्राइम अंतर वॉटसन-क्रिकपेक्षाही कमी होतं. म्हणजे एकाच अक्षरजोडीत एका रूपाने हेलिक्स रुंदावतो, दुसऱ्याने अरुंद होतो.

या रेणूत चार त्रिकंही आहेत, जिथे तिसरा बेस येऊन आधीच्या जोडीला चिकटतो: यू-८, ए-१४, ए-२१; ए-९, यू-१२, ए-२३; जी-१०, सी-२५, जी-४५; आणि सी-१३, जी-२२, जी-४६. त्रिक लिहिताना ते दोन-दोनच्या जोड्यांत मोडा. उदाहरणार्थ यू-१२ व ए-२३ ही नेहमीची जोडी, आणि ए-२३ व ए-९ ही ट्रान्स, हूगस्टीन विरुद्ध हूगस्टीन. टीआरएनएचा तो प्रसिद्ध एल आकार या त्रिकांनी आणि लेव्हिट जोडीने धरून ठेवला आहे.

पायरी ७: न दिसणारा प्रोटॉन

ए आणि सी समोरासमोर आले आणि वॉबलसारखे सरकलेले दिसले, तर अ‍ॅडेनिनचा एन१ आणि सायटोसिनचा ओ२ यांच्यातलं अंतर मोजा. दोघेही ग्राहक आहेत. दोघांकडेही एकाकी इलेक्ट्रॉन जोडी असताना ते ३ अँगस्ट्रॉमच्या आत येणार नाहीत. तरीही २.८ किंवा २.९ मिळालं, तर मधे प्रोटॉन असणार, म्हणजे अ‍ॅडेनिनने एन१ वर प्रोटॉन घेतला आहे. दुसरा बंध अ‍ॅडेनिनचा एन६ आणि सायटोसिनचा एन३ यांच्यात असतो.

मोकळ्या अ‍ॅडेनोसिनमध्ये या जागेचा पीकेए ३.५ च्या थोडा वर आहे, म्हणजे पेशीच्या पीएचला तो प्रोटॉन घेणार नाही. पण हेलिक्सच्या आत शेजाऱ्यांच्या प्रभावाने हा पीकेए ६.५ पर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही वर सरकतो. पायरी २ मध्ये लिहून ठेवलेला पीएच आता काढा. स्फटिक पीएच ५ ला वाढवलेले असतील तर ही जोडी पेशीतही तशीच असेल असं गृहीत धरू नका. हाच विचार डीएनएतल्या जी-सी हूगस्टीन जोडीला लागू पडतो. तिथे सायटोसिनच्या एन३ ला प्रोटॉन लागतो. आय-मोटिफ या सायटोसिनच्या चार पदरी रचनेत दोन सायटोसिन एकच प्रोटॉन वाटून घेतात, म्हणून ती रचना आम्लधर्मी द्रावणात सहज बनते.

पायरी ८: घनता बघितल्याशिवाय सही करू नका

अणूंची जागा म्हणजे कुणीतरी इलेक्ट्रॉन घनतेत बसवलेला नमुना. प्युरीन सिन आहे की अँटी हे मध्यम रेझोल्यूशनला चुकू शकतं, कारण उलटा बसवला तरी तो त्याच ढगात बऱ्यापैकी मावतो. अशा चुका खऱ्याच सापडल्या आहेत: २०१७ साली मोलप्रोबिटी हा रचना तपासण्याचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या रिचर्डसन गटाने डीएनएच्या रचनांमध्ये वॉटसन-क्रिक म्हणून बसवलेल्या, पण घनता हूगस्टीनकडे बोट दाखवणाऱ्या जोड्या दाखवून दिल्या. उलटंही घडतं.

म्हणून शंकास्पद जोडीपाशी घनता चालू करा. बेसचा आकार ढगात पूर्ण मावतो का? फरक-नकाशात (मोजलेली घनता वजा नमुन्यातली घनता) बेसच्या एका कडेला हिरवा आणि दुसऱ्या कडेला लाल डाग दिसतो का? दिसला, तर बेस उलटा असण्याची शक्यता तपासा. सी१-प्राइम अंतर आखडलेलं पण बेस अँटी आणि बंध ओढूनताणून ३.५ च्या वर, ही दडलेल्या हूगस्टीनची नेहमीची लक्षणं.

आता प्रोग्रॅम चालवा

इतकं हाताने केल्यावर पूर्ण रेणूची यादी प्रोग्रॅमकडून घ्या. डीएसएसआर, आरएनए-व्ह्यू, एफआर-३डी ही रुळलेली साधने आहेत. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्समध्ये धनंजय भट्टाचार्य यांच्या गटाने बनवलेलं बीपीफाइंडही चांगलं आहे. प्रत्येकाच्या अंतराच्या आणि कोनाच्या मर्यादा वेगळ्या, त्यामुळे याद्या तंतोतंत जुळत नाहीत. नेहमीच्या जोड्यांवर एकमत होतं. मतभेद होतात ते एका बंधावर टिकलेल्या किंवा फार तिरक्या जोड्यांवर. निदान दोन साधने चालवा आणि जिथे ती भांडतात तेवढ्याच जोड्या हाताने तपासा. तुमचा खरा वेळ तिथे लागायला हवा.

प्रयोगशाळेतून मिळणारा पुरावा

स्फटिक नसेल तर एनएमआर कामी येतं. वॉटसन-क्रिक जोड्यांचे इमिनो प्रोटॉन (जीच्या एन१ वरचे आणि यूच्या एन३ वरचे) साधारण १२ ते १५ पीपीएममध्ये येतात. जी-यू वॉबलमध्ये ग्वानिन आणि युरॅसिल दोघांचेही इमिनो प्रोटॉन जोडीत गुंतलेले असतात, ते १० ते १२ च्या पट्ट्यात येतात आणि एकमेकांच्या इतके जवळ असतात की त्यांच्यात जोरदार एनओई, म्हणजे जवळच्या प्रोटॉनमधला संकेत, मिळतो. ही खूण सहसा दगा देत नाही. डीएनएत क्षणभर बनून मोडणाऱ्या हूगस्टीन जोड्याही एनएमआरनेच सापडल्या: २०११ साली अल-हाशिमी यांच्या गटाने दाखवलं की साध्या डीएनएतल्या जोड्या एका टक्क्याहून कमी वेळ हूगस्टीन रूपात जाऊन परत येतात.

डीएमएस प्रोबिंग (डायमिथिल सल्फेटने मोकळे अणू शोधणं) करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डीएमएस अ‍ॅडेनिनचा एन१ आणि सायटोसिनचा एन३ मोकळा आहे का, एवढंच सांगतं. शिअर्ड जोडीतल्या अ‍ॅडेनिनचा एन१ मोकळाच असतो, कारण तो हूगस्टीन कडेने जोडलेला आहे. तो डीएमएसला प्रतिसाद देतो आणि आकडे वाचणारा लिहितो, 'बेस जोडलेला नाही'. खरं तर एवढंच म्हणता येतं की त्याची वॉटसन-क्रिक कड मोकळी आहे. पीएच बदलून वितळण्याचं तापमान मोजलं तर ए-सीचा प्रोटॉन पकडता येतो: पीएच उतरवल्यावर हेलिक्स अधिक स्थिर झाला, तर संशय पक्का होत जातो.

नोंद कशी करायची

चित्रात वॉटसन-क्रिक कडेला वर्तुळ, हूगस्टीनला चौकोन, शर्करा कडेला त्रिकोण. सिस असेल तर चिन्ह भरीव, ट्रान्स असेल तर पोकळ. दोन्ही कडा सारख्या असतील तर एकच चिन्ह पुरतं, वेगळ्या असतील तर दोन. टी-५४ कडून पोकळ वर्तुळ आणि ए-५८ कडून पोकळ चौकोन काढलं की वाचणाऱ्याला सगळं समजतं.

तक्त्यात प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बेस, कुटुंब, प्रत्येक बंधाचे अणू आणि अंतर, सी१-प्राइम अंतर, दोन्ही बेस सिन की अँटी, आणि शेवटच्या रकान्यात घनता तुम्ही स्वतः पाहिली की नाही. सरावासाठी यू-८ आणि ए-१४ स्वतः भरा. युरॅसिलचा एन३ अ‍ॅडेनिनच्या एन७ समोर आणि ओ२ एन६ समोर मिळाला, तर तुमच्या रकान्यात पोकळ वर्तुळ आणि पोकळ चौकोन यायला हवा.